रक्तातला अडत्या

आमच्या घरात रक्ततपासणीच्या कागदाला मुलांच्या प्रगतिपुस्तकाचा मान असे. दर वर्षी दसरा उलटला की दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, तालुक्याच्या गावी जाऊन रक्त देऊन येत आणि संध्याकाळी तो कागद जेवणाआधी सर्वांच्या हातांतून फिरे. त्यावर आकडे पुष्कळ असत, पण घरातले सगळे बघत तो एकच: एचडीएल. लोक ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते. पुरुषाच्या रक्तात ते ४० च्या वर असावे असा दंडक आहे. दादांचे ७८ होते. पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलाकडे बघावे तसे आम्ही सगळे दादांकडे बघत असू. "ह्यांना काय धाड भरलीय!" असे वहिनी म्हणत, आणि दादा पानातली तिसरी करंजी उचलत.

चार वर्षांपूर्वी वसुबारसेच्या पहाटे दादा ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटते आहे. वहिनी अंगणात रांगोळी काढीत होत्या. रांगोळी अर्धीच राहिली. दादा वाचले, ही ईश्वराची कृपा आणि वेळेवर मिळालेल्या जीपची. हृदयाच्या रोहिणीत दोन स्टेंट बसले. रुग्णालयाच्या व्हरांड्यात वहिनींनी डॉक्टरांना जो पहिला प्रश्न विचारला तो मला अजून ऐकू येतो: "पण चांगलं कोलेस्टेरॉल एवढं होतं ना हो ह्यांचं?"

डॉक्टर तरुण होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ह्या आकड्यानं तुम्हालाच नाही फसवलं. मोठमोठ्यांना फसवलंय. तुम्ही इतिहास शिकवता ना? मग ह्याचाही इतिहास एकदा वाचा." आणि त्यांनी त्याच कागदावर एचडीएलच्या खालच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे एलडीएल १६२ असे लिहिले होते. वर्षानुवर्षे ते तिथेच होते.

मी शाळेत इतिहास शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शास्त्राच्या वर्गात मॅट्रिकनंतर मी पाऊल टाकलेले नाही. तरी डॉक्टरांचे बोलणे मनातून जाईना. दोन उन्हाळ्यांच्या सुट्या मी हे वाचण्यात घालवल्या, अडले तिथे त्याच डॉक्टरांना गाठले, आणि जे हाती लागले ते इथे मांडते आहे.

कोलेस्टेरॉल हा पदार्थ प्रथम सापडला तो रक्तात नव्हे, पित्ताशयातल्या खड्यांत. १८१५ च्या सुमारास शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला पित्त आणि घट्ट अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून नाव दिले. (हे गृहस्थ पुढे १०२ वर्षे जगले, त्यांचे स्वतःचे कोलेस्टेरॉल किती होते हे मोजण्याची सोय त्या काळी नव्हती.) मग जवळजवळ शंभर वर्षे हा पदार्थ आपला बाटलीत पडून राहिला. १९१३ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या सैनिकी वैद्यक अकादमीत, निकोलाय अनिच्कोव्ह ह्या तरुण डॉक्टराने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले. काही आठवड्यांत त्या सशांच्या रोहिण्यांच्या आतल्या अंगाला पिवळट थर धरू लागले, थेट म्हाताऱ्या माणसांच्या रोहिण्यांत दिसतात तसे. ससा हा जन्माचा पालेभाजीवाला. त्याच्या पोटात अंड्यातले पदार्थ घालून काय सिद्ध होणार, असे पुष्कळांनी नाक मुरडले. शिवाय हेच अन्न उंदरांना घातले तर त्यांच्या रोहिण्यांना काही म्हणता काही होत नसे. ससा आजारी पडतो आणि उंदीर ठणठणीत राहतो, हे कोडे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा मिळायला साठ-सत्तर वर्षे लागली.

पुढचे समजायला रक्तात काय चालते ते थोडे सांगितले पाहिजे. रक्त पाणीदार आहे आणि कोलेस्टेरॉल मेणासारखे. दोघांचे जमत नाही. म्हणून शरीर त्याच्या करंज्या करते. आत कोलेस्टेरॉलचे आणि चरबीचे सारण, बाहेरून प्रथिनांची आणि पाण्याशी जमवून घेणाऱ्या स्निग्ध पदार्थांची पारी. ह्या करंज्या रक्तातून फिरतात. अमेरिकेत बर्कलीला जॉन गॉफमन नावाचे डॉक्टर होते. महायुद्धात त्यांनी अणुबाँबच्या कामात भाग घेतला होता. युद्ध संपल्यावर ते रक्ताकडे वळले. डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात रक्तातला द्रव घालून त्यांनी ह्या करंज्या वजनाप्रमाणे वेगळ्या केल्या, आणि १९५० साली ते काम प्रसिद्ध केले. हलक्या त्या कमी घनतेच्या, म्हणजे एलडीएल. जड त्या अधिक घनतेच्या, म्हणजे एचडीएल. एलडीएल कोलेस्टेरॉल शरीरभर पोचवते आणि जास्त झाली की रोहिणीच्या भिंतीत अडकून बसते. एचडीएल ठिकठिकाणचे उरलेसुरले कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे आणते, अशी समजूत हळूहळू रूढ झाली.

चांगले आणि वाईट ही नावे मात्र फ्रेमिंगहॅमने पक्की केली. मॅसॅच्युसेट्समधल्या ह्या गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांना वर्षानुवर्षे तपासत आले होते. १९७७ साली तिथल्या संशोधकांनी सांगितले की ज्यांचे एचडीएल जास्त, त्यांच्यात हृदयविकार कमी. खरे निरीक्षण होते, आणि आजही ते खोटे ठरलेले नाही. पण जास्त आणि कमी एकत्र नांदतात म्हणून एक दुसऱ्याचे कारण असते का? वर्गात मुले पानिपतच्या पराभवाची कारणे लिहितात तेव्हा लढाईच्या आधी जे जे घडले ते सगळे कारण म्हणून लिहून मोकळी होतात. मी लाल शाईने खोडते. फ्रेमिंगहॅमच्या निष्कर्षावर तशी लाल शाई त्या वेळी फारशी कोणी वापरली नाही. पुस्तकांतून, दवाखान्यांतल्या तक्त्यांतून आणि अखेर आमच्या दादांच्या कागदातून, एचडीएल वाढवा म्हणजे हृदय वाचेल हे वाक्य घरोघर गेले.

आता येतो आपला अडत्या. १९६५ साली बर्कलीच्याच प्रयोगशाळेत निकोल्स आणि स्मिथ ह्या दोघांना दिसले की रक्तातला द्रव नुसता उबेत ठेवला तरी एका प्रकारच्या करंजीतले सारण दुसऱ्या प्रकारच्या करंजीत जाते. कोणीतरी मधे आहे. दहा वर्षांनी, १९७५ साली, कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड झिल्व्हरस्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या रक्तातून सगळ्या करंज्या काढून टाकल्या आणि उरलेल्या निव्वळ द्रवात ही देवघेव घडवून आणणारे काहीतरी आहे असे दाखवले. ते एक प्रथिन निघाले. त्याचे पूर्ण नाव कोलेस्टेरिल एस्टर ट्रान्सफर प्रोटीन, सोयीसाठी सीईटीपी. १९८७ साली त्याचे जनुकही वाचले गेले. पुढे त्याचा आकार दिसला तो केळ्यासारखा वाकडा, आणि आत आरपार बोगदा.

बाजार समितीच्या आवारात अडत्या जे करतो तेच हे करते. शेतकऱ्याचा माल घेतो, व्यापाऱ्याच्या पदरात टाकतो, आणि त्याच्याकडचे काहीतरी शेतकऱ्याला आणून देतो. सीईटीपी एचडीएलमधले कोलेस्टेरॉल काढून एलडीएलच्या आणि तिच्याहूनही हलक्या करंज्यांच्या पोटात घालते, आणि बदल्यात त्यांच्यातली चरबी एचडीएलकडे आणते. म्हणजे चांगल्याचे घेऊन वाईटाला द्यायचे! ससा ह्या अडत्याने भरलेला आहे. उंदराच्या रक्तात तो नाहीच. अनिच्कोव्हच्या कोड्याचा तुकडा तो हा. (उंदीर कोलेस्टेरॉल पित्तावाटे बाहेर टाकण्यातही पटाईत आहे, तेव्हा सगळे श्रेय एकट्या अडत्याच्या गैरहजेरीला देऊ नये.) १९९३ साली माकडाचे सीईटीपीचे जनुक उंदरांत घालून त्यांना चरबीचे अन्न दिले, तेव्हा त्या उंदरांच्या रोहिण्याही बिघडल्या. काही दुसऱ्या जातीच्या उंदरांत मात्र निकाल उलटा लागला. त्या उलट्या निकालाकडे कोणी फारसे थांबले नाही.

कारण तोवर जपानमधून एक विलक्षण बातमी आली होती. कानाझावा विद्यापीठातल्या डॉक्टरांना काही घराणी आढळली, ज्यांच्या रक्तात एचडीएल अवाच्या सवा होते. १९८५ साली त्यांनी दाखवले की ह्या माणसांत सीईटीपीचे कामच चालत नाही. मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले ॲलन टॉल आणि कानाझावाचे इनाझू, माबुची वगैरे मंडळींनी मिळून जनुकातला दोष शोधला. आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही बाजूंनी तो दोष मिळालेल्यांचे एचडीएल सरासरी १६४ होते. दादांच्या दुपटीहून अधिक! १९९० च्या त्यांच्या निबंधात ह्या घराण्यांमध्ये अकाली हृदयविकार आढळत नाही, उलट दीर्घायुष्याची शक्यता दिसते, असा सूर होता.

झाले. अडत्याला बाजारातून हाकलून द्या, म्हणजे एचडीएल चढेल, एलडीएल उतरेल, एका दगडात दोन पक्षी. औषधी कंपन्या कामाला लागल्या. २००० साली जपानमध्ये तयार झालेल्या एका द्रव्याने सशांच्या रोहिण्या सुधारल्या, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही.

इथे मला ओमागारी ह्या गावाची आठवण करून दिली पाहिजे. उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातले हे गाव आतषबाजीसाठी प्रसिद्ध आहे. १९१० पासून तिथे शोभेच्या दारूची स्पर्धा भरते आणि आपल्या दिवाळीला लाजवील अशी रोषणाई होते. २००५ साली ते दाइसेन शहरात विलीन झाले. ह्या गावात तोच जनुकीय दोष फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. ओसाकाच्या हिरानो, मात्सुझावा आणि सहकाऱ्यांनी गावातल्या लोकांची तपासणी करून १९९७ साली लिहिले की अतिशय वाढलेले एचडीएल असलेली ही माणसे जास्त जगतात असे काही दिसत नाही. त्याच्या आदल्या वर्षी होनोलूलूच्या जपानी वंशाच्या पुरुषांवरचा अभ्यास आला होता. त्यातही सीईटीपीत दोष असलेल्यांना, एचडीएल जास्त असूनही, हृदयविकार अधिक आढळला. दोन्ही निबंध जगाच्या पुढ्यात उघडे पडले होते. कानाझावाची बातमी ऐकणाऱ्यांनी ओमागारीची ऐकली नाही असे नाही. ऐकली आणि पुढे गेले. मला त्यांना दोष देता येत नाही. आम्हीही कागदावरच्या दोन ओळींपैकी एकच वाचत होतो.

फायझर कंपनीच्या गोळीचे नाव टॉर्सेट्रापिब. कंपनीने तिच्यावर सुमारे ८० कोटी डॉलर खर्च केले असे सांगतात. सात देशांतले १५,०६७ रुग्ण निवडले. सगळ्यांना कोलेस्टेरॉल उतरवणारे नेहमीचे स्टॅटिन औषध, आणि त्यांतल्या निम्म्यांना शिवाय ही नवी गोळी. प्रयोगाच्या प्रमुखांत ऑस्ट्रेलियाचे फिलिप बार्टर होते. इंग्रजीत बार्टर म्हणजे वस्तूंची देवघेव. आयुष्यभर ज्या माणसाने ह्या देवघेव करणाऱ्या प्रथिनाचा अभ्यास केला त्याचे आडनावच ते असावे, हे कादंबरीत लिहिले तर वाचक म्हणतील, बाईंनी ओढूनताणून आणले.

आकडे डोळे दिपवणारे होते. वर्षभरात एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले, एलडीएल २५ टक्क्यांनी उतरले. ३० नोव्हेंबर २००६ रोजी कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांपुढे ह्या औषधाविषयी मोठ्या आशा बोलून दाखवल्या. दोनच दिवसांनी, शनिवारी २ डिसेंबरला, प्रयोग बंद झाला.

अशा प्रयोगांवर एक स्वतंत्र समिती नजर ठेवते. कोणाला कोणती गोळी मिळते आहे हे फक्त तिला ठाऊक असते. त्या समितीने मृत्यू मोजले. नवी गोळी घेणाऱ्यांत ८२, न घेणाऱ्यांत ५१. हिशेब पुरा झाल्यावर ते आकडे ९३ आणि ५९ झाले. समितीने कंपनीला कळवले, आणि कंपनीने त्याच दिवशी सगळ्या रुग्णांच्या गोळ्या थांबवायला सांगितले. इतका पैसा आणि इतकी आशा गुंतलेली असताना एका दिवसात हात काढून घेणे सोपे नव्हे, हे मान्य केले पाहिजे.

पण त्या ८२ माणसांची नावे कुठल्याही निबंधात नाहीत. निबंधात नावे देत नसतात, ते बरोबरच आहे. तरी माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणारीला राहवत नाही. त्या माणसांनाही दर काही महिन्यांनी रक्ताचा कागद मिळत असला तर त्यावर त्यांचे चांगले कोलेस्टेरॉल वाढत गेलेले दिसले असेल. घरी कोणीतरी म्हणाले असेल, ह्यांना काय धाड भरलीय.

नंतर शोध घेता दिसले की ही गोळी रक्तदाब वाढवत होती, वरचा आकडा सरासरी ५.४ ने, आणि शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉन ह्या संप्रेरकालाही चढवत होती. ह्याचा अडत्याशी संबंध नव्हता. तो त्या एका द्रव्याचा अवगुण होता. तेव्हा शास्त्रज्ञ म्हणाले, गोळी वाईट, कल्पना चांगली. रोशची डालसेट्रापिब आली. १५,८७१ रुग्ण, एचडीएल तीस-एक टक्क्यांनी वर, अवगुण नाही आणि गुणही नाही. २०१२ च्या मे महिन्यात बंद. लिलीची एव्हासेट्रापिब आली. तिने एचडीएल दुपटीच्या वर नेले, आणि १२,०९२ रुग्णांत हृदयविकार वगैरे घडण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत १२.९ टक्के, न घेणाऱ्यांत १२.८. तीही २०१५ साली बंद. हे आकडे मी वहिनींना वाचून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मधल्या काळात, २०१२ साली, आणखी एक धक्का बसला होता. काही माणसांत जन्मतःच असा एक जनुकीय फरक असतो की त्यांचे फक्त एचडीएल जास्त राहते, बाकी सारे इतरांसारखे. हजारो लोकांचे रक्त तपासून पाहिले तेव्हा कळले की ह्या माणसांना हृदयविकाराचे झटके काही कमी येत नाहीत. फ्रेमिंगहॅमच्या निष्कर्षावर लाल शाई पडली ती इथे. एचडीएल जास्त असणे हे बहुधा दुसऱ्या कशाची तरी खूण होती: अंगात चरबी कमी, हालचाल जास्त, साखर ताब्यात. गावातल्या सुखवस्तू घरांपुढे तुळशीवृंदावन मोठे असते. म्हणून कोणी दारात मोठे वृंदावन बांधले तर घरात पैसा येत नाही.

एक गोळी उरली होती, मर्कची अनासेट्रापिब. ऑक्सफर्डच्या मंडळींनी ती ३०,४४९ रुग्णांवर चार वर्षे तपासली आणि २०१७ साली निकाल सांगितला. ह्या वेळी फायदा झाला. गोळी न घेणाऱ्यांत ११.८ टक्क्यांना हृदयाचा मोठा अपाय, घेणाऱ्यांत १०.८ टक्क्यांना. शंभरात एक माणूस वाचला. एचडीएल दुप्पट झाले होते, पण हिशेब मांडल्यावर दिसले की वाचलेला तो एक माणूस एचडीएल वाढल्यामुळे नव्हे. वाईट कोलेस्टेरॉल जितके उतरले होते तितक्याच प्रमाणात फायदा झाला होता. गोळी अंगातल्या चरबीत साठून वर्षानुवर्षे राहते असेही आढळले. कंपनीने ती बाजारात न आणण्याचे ठरवले.

अडत्याचा पाठलाग मात्र अजून सुटलेला नाही. जपानमध्येच जन्मलेल्या ओबिसेट्रापिब नावाच्या गोळीने एलडीएल सुमारे एक तृतीयांशाने उतरते, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. तिने झटके कमी होतात का हे पाहण्यासाठी साडेनऊ हजारांवर रुग्णांची वेगळी परीक्षा २०२२ साली सुरू करण्यात आली. गंमत अशी की आता ह्या गोळीची कीर्ती सांगताना एलडीएलचा आकडा आधी सांगतात. एचडीएलचा उल्लेख येतो तो मागाहून. पन्नास वर्षांपूर्वी झिल्व्हरस्मिटच्या सशाच्या रक्तात सापडलेले ते प्रथिन तेच आहे. त्याच्याकडून माणसांनी जी अपेक्षा ठेवली ती बदलली.

दादांनी हे सगळे माझ्या तोंडून दोन-तीनदा ऐकले. ते सकाळी नदीपर्यंत चालत जातात, रात्री न चुकता गोळ्या घेतात, आणि दिवाळीत एक करंजी खातात. दुसरी मागितली तर वहिनी डबा उचलून आत नेतात. गेल्या महिन्यात पुन्हा कागद आला. जेवणाआधी तो फिरला. एलडीएल ५४ होते. एचडीएल किती आले हे मी पाहायला विसरले. वहिनींना विचारले पाहिजे.